चित्र खाली

१

कपाटात खोकं होतं. खोक्यात कार्डं नव्हती.

धाकटी सून रिकामं खोकं हातात धरून उभी राहिली. ओरडली नाही, रडली नाही. माझा धाकटा मुलगा गेला त्या दिवशीही ती अशीच उभी होती, हातात त्याची चप्पल घेऊन. या बाईला रडायला वेळ लागतो.

"आई," ती म्हणाली, "काल दुकान बंद करताना मीच आत ठेवली होती."

"मग काय पाय फुटले कार्डांना?" मी म्हटलं. माझी जीभ आधी डसते, मग विचार करते. आता या वयात तिला कोण वळण लावणार.

आमचा धंदा छत्रीवाल्या टीव्हीचा, छपरावर छत्री आणि टीव्हीखाली डबा. लोक नवे डबे घेतात आणि जुने आमच्याकडे टाकून जातात. मेकॅनिक ते उघडतो, धूळ फुंकतो, जे जगतील ते पुन्हा विकायला काढतो. जे मेले त्यांचे अवयव काढून दुसऱ्यांना लावतो. मागच्या भिंतीला असे जुने डबे छातीएवढे रचलेले असतात. त्याला आम्ही लॉट म्हणतो. लॉट साठला की लॉटवाला टेम्पो आणून उचलून नेतो. लांबच्या वस्त्यांवर अजून ते चालतात म्हणे. इथे आता कोण विचारतंय? ज्याच्या त्याच्या हातात फोन आणि मान खाली.

त्यात कंपनीनं या महिन्यात नवं काढलं. डब्याच्या पोटात जे कार्ड असतं, ज्याच्यामुळे पडद्यावर माणसं दिसतात, ते सगळ्यांचं बदलायचं. जुनं घ्यायचं, नवं द्यायचं. नाही बदललं तर पडदा निळा. झालं, दुकानात रांग लागली. कार्डाच्या एका अंगाला कंपनीचं चित्र आहे, उडतं पाखरू. दुसऱ्या अंगाला सोनेरी टिकली. माणसाचा हात आपसूक चित्र वर धरतो. पण आम्ही विकलेल्या डब्यांत टिकली वर लागते. म्हणून धाकटी दिवसभर गल्ल्यापलीकडे एकच बोलत असते, "चित्र खाली, काका. चित्र खाली, मावशी." झोपेतही बोलत असेल.

आणि आज संध्याकाळी कंपनीचा साहेब येणार होता. कार्डं मोजायला, आणि नवी एजन्सी कोणाच्या नावावर करायची ते लिहून न्यायला. मी धाकटीचं नाव सांगितलं होतं. घरात त्यावर कोणी काही बोललं नव्हतं. आमच्या घरात कोणी काही बोललं नाही की समजावं, भांडण झालं आहे.

थोरला गल्ल्यावरून उठून आत आला. खोक्यात वाकून बघितलं, जणू कार्डं कोपऱ्यात बसून हसत असतील.

"कपाटाला कुलूप कोणी लावलं? हिनं. कार्डांवर सही कोणाची? हिची. शेवटी दुकानातून कोण गेलं? ही. अजून काय बघायचं, आई?"

"भाऊजी, मी—"

"तू बोलू नकोस." तो माझ्याकडे वळला. "साहेब यायच्या आत हिला कपडे भरायला सांग. जाऊ दे तिच्या भावाकडे. चोर घरात ठेवून मी त्याच्यासमोर बसणार नाही. आणि लॉटवाल्यालाही फोन करून सांगतो, आज येऊ नकोस म्हणून. या गोंधळात माल कुठे मोजत बसायचा?"

तिच्या भावाच्या घरी भाऊ चांगला आहे. भावजय दारातच विचारते, किती दिवस राहणार?

धाकटी माझ्याकडे बघत होती. मी तिला कधी चांगलं म्हटलेलं नाही. भाजी खारट झाली तर सांगते, बरी झाली तर जेवते. पण मी झोपल्यावर माझ्या गुडघ्याला तेल लावणारी या घरात तीच आहे. मी झोपलेली नसते, हे तिला माहीत नाही.

"साहेब संध्याकाळी येणार ना?" मी थोरल्याला म्हटलं. "मग संध्याकाळपर्यंत या दुकानाची मालकीण मी आहे. शटर अर्धं ओढ आणि गल्ल्यावर जाऊन बस."

२

आधी शोधलं. कपाटाखाली, गादीखाली, छताखालच्या माळ्यावर. मेकॅनिकचं टेबल पालथं घातलं. मी धाकटीची पर्ससुद्धा उलटी केली. तिनं स्वतःच पुढे केली. आत घराची किल्ली, कंगवा, मुलीच्या शाळेच्या बुटाची तुटलेली नाडी.

"नाडी कशाला ठेवलीस?"

"तुम्हीच म्हणता ना, काही टाकायचं नाही."

म्हणते खरी. आमच्या घरात काही टाकत नाहीत. सुतळी, रबर, पुठ्ठा, औषधाच्या बाटलीची झाकणं. हे घर मी असंच उभं केलं आहे. साबणाची पिवळी खोकीसुद्धा मी जपून ठेवते. रिकाम्या डब्याच्या फटीतून झुरळं आत शिरतात आणि अंडी घालतात. म्हणून जुन्या डब्यातून कार्ड काढलं की मेकॅनिक त्या फटीत कार्डाएवढा पिवळा पुठ्ठा सरकवतो. एक कोपरा छाटतो, म्हणजे ओढायला नख लागतं. मग वरची झडप बंद. युक्ती माझी, कात्री त्याची.

"नीट आठवून सांग," मी धाकटीला समोर बसवलं. "कार्डं कशी होती? सुटी?"

"नाही. एकावर एक लावून रबर घातलं होतं. कंपनीचंच, जाड निळं रबर."

"आणि रबर कुठे आहे?"

ती एवढ्यात पहिल्यांदा हसली. थकलेलं हसू. "आई, एवढी कार्डं गेली आणि तुम्ही रबर शोधताय?"

"कार्डं चोरानं नेली. रबर कशाला नेईल? विचारते तेवढं सांग. किल्ली?"

"शटरची आणि कपाटाची, दोन्ही घरात खुंटीवर. नेहमीसारख्या. मी टांगल्या, मग पोरीचा अभ्यास घेतला."

घर दुकानाच्या मागेच आहे, पण दुकान बंद झालं की मधल्या दाराला दुकानाच्या बाजूनं कडी, आणि वाट फक्त शटरनं. खुंटी म्हणजे चव्हाटा. ज्याला लागेल तो किल्ली घेतो. काल संध्याकाळी ती परत आल्यावर घरात कोण कोण होतं ते मी आठवलं. थोरला माझं गुडघ्याचं मलम आणायला गेला आणि उशिरानं आला. जावईबापू फिरायला गेले. मेकॅनिक आपली विसरलेली पिशवी न्यायला म्हणून किल्ली मागून घेऊन गेला आणि परत टांगून गेला.

तिघं बाहेर. तिघांनाही किल्लीपर्यंत हात पोचणारा.

"कपडे भरू का, आई?" धाकटीनं विचारलं.

"भर," मी म्हटलं. "भरायला काय जातंय?"

तिचा चेहरा उतरला. मला वाईट वाटलं. पण तिच्या खोलीत कोणी काही आणून टाकलं असेल, तर कपडे भरताना ते सापडणार होतं. हे तिला सांगून काय करू? चेहऱ्यावर सगळं उमटतं तिच्या.

काही सापडलं नाही. तिनं भरलेली पिशवी आणून आतल्या दारात ठेवली. आणि मेकॅनिकनं आपली पिशवी पायाखाली ओढून घेतली.

३

मेकॅनिकला मी बोलावलं तर पिशवी घेऊनच आला. मांडीवर ठेवून वर दोन्ही हात.

"काय आहे रे त्यात? सोनं आहे का?"

"काही नाही, काकू. डबा आहे जेवणाचा."

"जेवणाच्या डब्याला एवढं वजन? बायकोनं दगड शिजवलेत?"

तो हसला नाही. हा माणूस माझ्या नवऱ्याच्या हाताखाली शिकला. त्याच्या बोटांना तारा जोडायच्या डागणीचा कायमचा वास. दुकानात असताना त्याच्या डोळ्यांकडे बघावं लागत नाही, हाताकडे बघितलं की मन कळतं. आज हात पिशवीच्या बंदाला पीळ देत होते.

"काल पिशवी विसरलास, ती घ्यायला आलास. दुकानात कोण होतं?"

"कोणी नव्हतं. दिवासुद्धा लावला नाही मी. दारातूनच पिशवी घेतली आणि निघालो."

"कपाट?"

"कपाटापर्यंत गेलोच नाही. काकू, माझी झडती घ्यायची असेल तर घ्या. पण त्यांच्यासमोर नको." त्यानं हनुवटीनं गल्ल्याकडे दाखवलं.

मी पिशवी ओढून उघडली. आत त्याची हत्यारं होती. सगळी. पकडी, पेचकस, डागणी, मीटर, भिंग. इतकी वर्षं टेबलावर राहिलेली सगळी.

मी काही म्हणायच्या आधी तोच बोलला. "पंप दुरुस्तीवाल्याकडे जागा आहे. तुम्हाला सांगायचं धाडस होत नव्हतं. पंप कायम लागणार, काकू. छत्री किती दिवस? हे कार्ड बदललं, पुढच्या खेपेला कोण बदलायला येतंय?"

मला राग यायला हवा होता. आला नाही. एवढंच वाटलं की आता रागालाही उठून चालावं लागतं, आणि माझे गुडघे दुखतात.

"चोरासारखी हत्यारं काय नेतोस? दिवसाढवळ्या ने. माझ्या हातचा चहा पिऊन ने."

त्याचे डोळे भरले. मी दुसरीकडे बघितलं.

"काकू, ताईंनी नाही घेतली कार्डं," तो उठताना म्हणाला. "पण मी सांगून कोण ऐकणार? आणि घरातल्या माणसाचं नाव मी कशाला घेऊ?"

"कोणाचं नाव?"

त्यानं दाराकडे बघितलं. दारात जावईबापू उभे होते.

४

माझी लेक परगावी नोकरी करते आणि जावई आमच्याकडे राहतात. उलटं आहे, पण आमच्याकडे सुलटं काय आहे? कारखाना बंद पडला तेव्हापासून ते जागा शोधताहेत. शोधायला रोज संध्याकाळी जातात, सकाळी झोपलेले असतात.

"मेकॅनिक माझ्याकडे का बघत होता?" त्यांनी आल्याआल्या विचारलं.

"तुम्ही देखणे आहात म्हणून. बसा. काल फिरायला कुठे गेला होतात?"

"इथेच. असंच."

"जावईबापू, माझा नवराही 'असंच' जायचा. मी कधी विश्वास ठेवला नाही."

ते मान खाली घालून नखं बघत बसले. मग हळूच म्हणाले, "लॉटवाल्याच्या गोदामात. माल मोजायला माणूस लागतो त्याला. म्हटलं विचारून बघावं. घरी सांगितलं नाही. तुमच्या मालाचं गिऱ्हाईक, त्याच्या दारात तुमचा जावई नोकरी मागतोय, हे बरं दिसत नाही."

"उपाशी राहणं बरं दिसतं का? काय म्हणाला तो?"

"बोलणं राहूनच गेलं. मी बसलो आणि त्याला कुणाचा तरी फोन आला. उद्याचा माल रद्द, टेम्पो आणू नकोस म्हणून. भडकला. टेम्पोवाल्याला पैसे देऊन बसलो म्हणाला. त्याच्यापुढे मी काय तोंड उघडणार?"

"तुमचं नशीबच असलं," मी म्हटलं. "पाऊल टाकलं की समोर भिंत."

"आई," त्यांचा आवाज खाली गेला, "मी या घरचं खातो. चोरी करणार नाही. चोरी करायलासुद्धा अंगात काहीतरी लागतं."

मी त्यांना चहा टाकायला पाठवलं. निदान तेवढं येतं त्यांना. आणि मी तशीच बसून राहिले. काहीतरी माझ्या कानाला टोचून गेलं होतं, पण काय ते हाती लागेना. म्हातारपणी असं होतं. सुई हरवत नाही, नेढं हरवतं.

बाहेर ऊन उतरायला लागलं होतं. साहेबाची वेळ होत आली होती.

५

थोरला गल्ल्यावर नव्हता. सिगारेटला गेला असेल. मी तिथे जाऊन त्याच्या स्टुलावर टेकले. उभं राहवत नव्हतं.

आणि मग उठले. पुन्हा बसले.

या स्टुलाचा एक पाय आखूड आहे. थोरला त्यावर बसला की होडीत बसल्यासारखा डुलतो. गिऱ्हाईक हसतं. किती वेळा सांगितलं त्याला, खाली काहीतरी सरकव. "बघतो" म्हणतो. त्याच्या तोंडचा हा शब्द आणि स्टुलाचा पाय, दोन्ही तसेच राहिलेले.

आज स्टूल डुगडुगलं नाही. दगडासारखं बसलं होतं.

मी वाकले. वाकणं आता सोपं नाही. स्टुलाच्या आखूड पायाखाली बोटभर जाडीचा पुठ्ठ्याचा गठ्ठा होता. ओढून काढला. पिवळा पुठ्ठा, साबणाचा. कार्डाएवढे तुकडे. प्रत्येकाचा एक कोपरा छाटलेला.

आणि गठ्ठ्याला जाड निळं रबर.

मी ते रबर बोटावर ताणून बघितलं. मग मागच्या भिंतीकडे बघितलं. डब्यांवर डबे, धुळीचे थर, सगळ्यांची तोंडं मिटलेली. आम्ही माळा शोधला होता, गादी फाडायची बाकी ठेवली होती. कार्ड जिथे असतं तिथे मात्र कोणी बघितलं नव्हतं.

पहिल्या डब्याची झडप मी नखानं उघडली.

६

आत कार्ड होतं. नवं कोरं, वर पाखरू. चित्र वर.

दुसऱ्यात, तिसऱ्यात, तेच. चित्र वर, चित्र वर. पुढे बघितलं नाही. एक कार्ड काढून मुठीत धरलं आणि पुसायचे जुने रिमोट आणि साबणाचे पुठ्ठे मी जिथे जमवते त्या टोपलीशेजारी येऊन बसले. डब्यांना वीज लावलेली नव्हती, त्यामुळे कार्डांचं काही बिघडलं नव्हतं. अंगावर धूळ बसली असेल, एवढंच.

आता मला पळायचं नव्हतं. सापडलेल्या गोष्टीकडे नीट बघायचं असतं. घाईत बघितलं की आपल्याला हवं ते दिसतं. आणि मला काय दिसायला नको होतं, ते माझं मला माहीत होतं.

स्टूल थोरल्याचं. पण दुसऱ्या कोणी त्याच्या नावावर ढकलायला गठ्ठा तिथे सरकवला असेल तर? असू शकतं. मी आई आहे, मला आधी हेच सुचणार.

मग कार्डं उलटी. धाकटी आणि मेकॅनिक, दोघांचे हात महिनाभर हेच करताहेत. झोपेत घातलं तरी त्यांच्या हातून चित्र खालीच जाईल.

आणि मग ती कानाला टोचलेली गोष्ट हाती लागली.

मी लॉटवाल्याला फोन लावला. "काल तुला माल रद्द म्हणून कोणी सांगितलं?"

"अहो, तुमच्याच थोरल्यानं. तुमचे जावई समोर बसले होते तेव्हाच. काकू, असं ऐनवेळी करत जाऊ नका. टेम्पोचं भाडं माझ्या बोडक्यावर."

"सकाळी आला का पुन्हा फोन त्याचा?"

"नाही बुवा. एकदा सांगितलं ते काय कमी आहे?"

मी फोन ठेवला. सकाळी माझ्यासमोर थोरला म्हणाला होता, लॉटवाल्याला आता सांगतो, या गोंधळात माल नको. पण गोंधळ व्हायच्या आदल्या संध्याकाळीच त्यानं सांगून ठेवलं होतं. म्हणजे लॉट आज हलता कामा नये, हे त्याला आधीच माहीत होतं. कार्डं बाहेर जायला नको होती त्याला. बाहेर दुसरंच कोणीतरी जायला हवं होतं.

तरीही मी स्वतःला म्हटलं, एकदा हात बघू. तोंड खोटं बोलतं, हात बोलत नाही.

७

सगळ्यांना आत बोलावलं. थोरला, मेकॅनिक, जावई. धाकटी आपल्या पिशवीशेजारी उभी.

"एक कार्ड सापडलं," मी म्हटलं. "कपाटाच्या फळीमागे अडकलं होतं."

हे खोटं होतं. थोरला दचकला नाही. फक्त त्याची नजर मागच्या भिंतीवर जाऊन आली. आईला तेवढं पुरतं.

"ओलं झालंय की काय कोण जाणे. चालतं का बघू. जावईबापू, घाला या डब्यात."

जावयांनी डबा हातात घेतला, मागून बघितला, पुढून बघितला. "कुठे घालायचं?"

"तोंडात घाला तुमच्या. द्या इकडे. मेकॅनिक, तू."

मेकॅनिकनं बघितलंही नाही. अंगठ्यानं झडप, कार्ड आत, चित्र खाली. एका दमात. मी ते काढून घेतलं.

"नीट बसल्यासारखं वाटत नाही. थोरल्या, तू घाल. तू मालक होणार ना दुकानाचा?"

थोरल्यानं कार्ड घेतलं. त्याला वाटलं, सोपी गोष्ट आहे. त्यानं झडप उघडली आणि कार्ड सरकवलं.

"भाऊजी, चित्र खाली," धाकटी म्हणाली.

तिच्या तोंडून ते सवयीनं गेलं. जसं शंभर गिऱ्हाइकांना सांगितलं होतं तसं. दिवसभर गल्ल्यावर बसून थोरला तेच वाक्य ऐकत होता, पंख्याचा आवाज ऐकावा तसं. कानानं ऐकलेलं हाताला कळत नाही. त्यासाठी हात लावावा लागतो.

"राहू दे तसंच," मी म्हटलं. "तसंच घातलंय त्यानं सगळ्या डब्यांत."

मी आधी पिवळ्या पुठ्ठ्यांचा गठ्ठा पुढे ठेवला, निळ्या रबरासकट. मग भिंतीतला एक डबा ओढून झडप उघडली. पाखरू वर.

मेकॅनिकनं तोंडावर हात ठेवला. जावई म्हणाले, "अरे देवा." धाकटीनं भिंतीकडे बघितलं, मग थोरल्याकडे. मग खाली, आपल्या पिशवीकडे.

"लपवायला जागा चांगली शोधलीस," मी थोरल्याला म्हटलं. "पण पुठ्ठे निघाले. ते टाकायचे तर कचऱ्यात टाकायचे, गटारात टाकायचे. तुला टाकवले नाहीत. रबरसुद्धा टाकवलं नाही. चोरी करायला गेलास आणि हाताला सवय आईची. इतके दिवस 'बघतो' म्हणत होतास, आणि काल हातात पुठ्ठा आला तर कामाला लावून मोकळा झालास."

थोरल्याचा चेहरा मी बघितला नाही. बघवला नाही.

"तुम्ही दोघं कार्डं काढा," मी मेकॅनिकला आणि जावयाला म्हटलं. "पुसा आणि पुठ्ठे परत जिथले तिथे घाला. झुरळांना कळत नाही आपल्या घरात काय चाललंय ते."

८

थोरल्याला मी आतल्या खोलीत नेलं. दार लोटलं.

"साहेब गेल्यावर परत ठेवणार होतो," तो म्हणाला. "सापडली म्हणून सांगणार होतो. ती गेल्यावर."

"आणि ती चोर म्हणून गेल्यावर? तिची पोरगी चोराची पोरगी म्हणून शाळेत गेल्यावर?"

त्यानं दाराची कडी चाचपली.

"बोल की. सकाळी तर तोंडाला उसंत नव्हती."

"आई, मी तुझा मोठा मुलगा आहे." त्याचा आवाज फुटला. केस पांढरे व्हायला लागलेत त्याचे, आणि आवाज शाळेतल्यासारखा. "गिऱ्हाईक येतं, विचारतं, ताई कुठे आहेत? साहेबाचा फोन येतो, ताईंना द्या. मी काय, स्टुलावरचं पायपुसणं? आणि तू तिचं नाव सांगितलंस. मला विचारलंसुद्धा नाहीस."

"विचारलं असतं तर काय म्हणाला असतास?"

त्यानं बाहीनं नाक पुसलं.

"हो म्हणालो असतो," तो म्हणाला.

मी पलंगावर बसले. मला वाटलं होतं, चोर सापडला की बरं वाटेल. तसं काही झालं नाही. एक सून वाचली आणि एक मुलगा हातात आला, तुटलेल्या कपासारखा. फेकवत नाही, आणि त्यातून पिववत नाही.

"तोंड धू," मी म्हटलं. "साहेब येईल."

साहेब आला. खोकं उघडलं, कार्डं मोजली, मान हलवली. निळं रबर पुन्हा जागेवर होतं. त्यानं विचारलं, "सगळं ठीक?"

दुकानात सगळे होते. धाकटी सही करायला वाकली होती, ती तशीच थांबली. एका शब्दावर थोरल्याची अब्रू होती, आणि तो शब्द तिचाही होता, माझाही.

आपलेच दात, आपलेच ओठ.

"ठीक आहे," धाकटी म्हणाली. माझ्या आधी.

साहेबानं एजन्सीवर तिचं नाव लिहिलं. ती सही करताना मी थोरल्याकडे बघितलं. तो गल्ल्यावर बसला होता आणि स्टूल खाली डुगडुगत होतं. त्यानं पाय घट्ट रोवून ते थांबवायचा प्रयत्न केला. थांबलं नाही.

साहेब गेला. जावयांनी उरलेला चहा सगळ्यांना वाटला. मेकॅनिक पिशवी उचलून दारापर्यंत गेला, परत आला आणि डागणी तेवढी काढून टेबलावर ठेवली. "उद्या रांग असणार," असं काहीतरी पुटपुटला.

धाकटी आतल्या दारात उभी होती. भरलेली पिशवी तिच्या पायाशी. आता काय करायचं ते कोणीतरी सांगेल म्हणून ती थांबली होती. मला सांगायला हवं होतं. राहा म्हणावं, माझं चुकलं म्हणावं, किंवा नुसतं डोक्यावरून हात फिरवावा. पण हे सगळं मला येत असतं तर हा दिवस आलाच नसता.

"ती पिशवी वाटेतून उचल," मी म्हटलं. "माझा पाय अडकला तर रात्री तेल कोण लावेल?"

तिनं चमकून माझ्याकडे बघितलं.

मी रिमोट पुसायला घेतला. ती वाकली, पण पिशवीला तिचा हात लागायच्या आधी थोरल्याचा लागला. काही न बोलता तो ती घेऊन आत गेला, तिच्या खोलीकडे. मागे त्याचं स्टूल एकटंच डुलत होतं. धाकटीनं स्टुलाकडे बघितलं. मग माझ्या टोपलीतला साबणाचा पुठ्ठा घेतला, घडी घातली आणि गुडघ्यावर बसून स्टुलाच्या आखूड पायाखाली सरकवायला लागली.